मागच्या खोलीचा अनुशेष

आमच्या घरात इंटरनेट येतं, पण ते हॉलमध्ये येतं. मागच्या खोलीत त्याची फक्त बातमी पोचते.

दोष भूगोलाचा आहे. नागपुरात प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरच्या अंगाने जी जुनी बैठी घरं अजून उरली आहेत, त्यांचे नकाशे एकाच माणसाने एकाच दुपारी काढले असावेत. सामोर गेट, मग पोर्च, मग हॉल, मग मधली खोली, तिला लागून स्वयंपाकघर आणि सगळ्यांच्या मागे मागची खोली. एका बाजूने शेजाऱ्यांच्या भिंतीला समांतर जाणारा अरुंद बोळ. फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरून निघाली, आंब्याच्या फांदीला एक वेढा देऊन हॉलच्या खिडकीतून आत शिरली. ती घेऊन आलेल्या पोराने टीव्हीच्या बाजूची भिंत पाहिली, हातात उरलेली वायर पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, इथंच लावून देतो नं. मस्त दिसते." राउटर तिथे बसला. आमच्या घराची राजधानी ठरायला एवढाच वेळ लागला.

काम मात्र मागच्या खोलीत चालतं. माझी कंपनी पुण्याला, मी नागपूरला आणि आमच्यातला एकमेव दुवा म्हणजे माझा लॅपटॉप. हॉलमध्ये बसून काम करता येत नाही, कारण तिथे बाबांच्या बातम्या असतात, आईची भिशी असते आणि "सुट्टी आहे का आज?" असं विचारणारे पाहुणे असतात. म्हणजे राबणारा मागे, सिग्नल पुढे. कोराडी आणि चंद्रपूरला तयार झालेली वीज पुढे कुठे जाते, हे ज्या शहरात पानठेल्यावरही तोंडपाठ असतं, तिथे ही व्यवस्था कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

इंटरनेट पूर्ण बंद पडलं तर माणूस सुखी होतो. तो तसं कळवतो, सुट्टी टाकतो, तर्री पोहे खायला बाहेर पडतो. खरा छळ अर्धवट चालणाऱ्या इंटरनेटचा. मीटिंगमध्ये सगळे नीट दिसत असतात, आवाज विहिरीतून येत असतो, आणि मी नेमका महत्त्वाचा मुद्दा मांडायला तोंड उघडतो तेव्हा माझं चित्र गोठतं. पुढची काही मिनिटं पुण्यातले सहकारी माझ्या उघड्या तोंडाकडे पाहत बसतात. त्यातल्या एकाने ते चित्र जपून ठेवलंय आणि दर वाढदिवसाला ग्रुपवर टाकतो. लॅपटॉपच्या कोपऱ्यात त्या वेळी सिग्नलच्या रेषा भरगच्च असतात. खाली लिहिलेलं असतं, "कनेक्टेड, नो इंटरनेट". इतकं प्रामाणिक आणि इतकं निरुपयोगी वाक्य मी सरकारी पत्रातही वाचलेलं नाही.

नागपुरात सल्लागारांचा अनुशेष कधीच नव्हता. घरात काही बिघडलं की ते जमतात, आणि चहा होईपर्यंत बिघाडाची कारणं किमान चार झालेली असतात. आमच्याकडे पहिला उपाय बाबांचा: "बंद करून चालू कर." कस्टमर केअरचा शेवटचा उपायही तोच, पण तो ऐकण्याआधी गाणं ऐकावं लागतं. या उपायाची टिंगल करणं सोपं आहे, पण त्यात तथ्य आहे. राउटर हा मुळात एक लहानसा संगणकच. कोण जोडलंय, कोणाला कुठला पत्ता दिलाय, याच्या नोंदी तो ठेवत असतो. महिनोन्महिने बंद न होता चालला की त्या नोंदींत तो अडखळायला लागतो. बंद करून चालू केला की पाटी कोरी होते आणि बरेच राउटर आजूबाजूची गर्दी पाहून चॅनलही नव्याने निवडतात. त्यामुळे अर्धा तास सगळं झकास चालतं. तेवढ्यात सल्लागार आपापल्या घरी जातात. आता पुन्हा फोन करून बोलवायचं तर तोंड कोणतं दाखवणार?

कस्टमर केअरची मुलगी दर वेळी म्हणायची, "सर, आमच्याकडून तर लाइन क्लियर दाखवतेय." संताप यायचा. तो आणखी वाढला, कारण हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्याने फोनवरून सिद्ध करून दाखवलं की ती खरं बोलतेय. त्याने मला लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडायला लावली आणि १९२.१६८.१.१ या पत्त्याला पिंग करायला सांगितलं. हा पत्ता आमच्या राउटरचा. गंमत अशी की तो तुमच्याही राउटरचा असू शकतो, कारण असे पत्ते घरातल्या घरात वापरायचे असतात, घराबाहेर त्यांना कोणी विचारत नाही. पिंग म्हणजे लॅपटॉपने राउटरला हाक मारायची, "आहेस का?" आणि "आहे" हे उत्तर यायला किती वेळ लागला तो मोजायचा. हॉलमध्ये उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत आलं. मागच्या खोलीत पहिलं तीनमध्ये, दुसरं आठशेमध्ये आणि तिसरं आलंच नाही.

"मामा, रस्त्यावरची लाइन ठीकच आहे," भाचा म्हणाला. "इंटरनेट घरापर्यंत येऊन राहिलं. घरातल्या घरात पोचून नाही राहिलं."

बाबा बाजूलाच उभे होते. त्यांनी चष्मा काढला. नोकरीची पस्तीसेक वर्षं सरकारी टेबलावर आणि त्यानंतरच्या सगळ्या संध्याकाळी वेगळ्या विदर्भाच्या सभांमध्ये घालवलेला माणूस. "निधी येते, पण पोचत नाही," ते म्हणाले. त्या दिवसापासून हे प्रकरण त्यांनी हातात घेतलं.

बाहेरच्या वाचकासाठी थोडा इतिहास. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती, आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशाची. मग ती गेली. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, नागपूर करार झाला होता. त्यात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, अशी कलमं होती. वाटा पोचला की नाही हे मोजायला १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असं एकेक खातं घेऊन कुठला जिल्हा किती मागे आहे ते रुपयांत मांडलं. अनुशेष हा शब्द तेव्हापासून विदर्भात भाजीपाल्याइतका रोजचा झाला. पुढे २०११ मध्ये विजय केळकरांची समिती आली, तिनेही अहवाल दिला. बाबांच्या कपाटात या सगळ्यांची कात्रणं आहेत. त्यामुळे मागच्या खोलीच्या प्रश्नावर आधी राउटर हलवावा असं त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. आधी मोजणी.

माझ्या मुलीच्या मोबाइलवर सिग्नल मोजायचं ॲप घेतलं गेलं. ती फोन धरून खोलीच्या मध्यभागी उभी राहायची, आकडा वाचायची आणि बाबा तो मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवायचे. हॉल: उणे ३८. मधली खोली: उणे ५८. स्वयंपाकघर: उणे ६४. मागची खोली: उणे ८०, आणि तोही खुर्चीवर उभं राहून.

"उणे म्हणजे?" बाबांनी विचारलं. "सगळेच तोट्यात?"

मोजमाप डेसिबलचं आहे, आणि डेसिबलचा स्वभाव असा की दर दहाने आकडा घसरला की शक्ती एक दशांश उरते. घरगुती राउटर साधारण शंभर मिलिवॉट शक्तीने लाटा सोडतो. त्या मापात ती होते अधिक २०. मागच्या खोलीत उणे ८०. मधलं अंतर शंभर डेसिबल, म्हणजे दहाने भागायचं, आणि असं दहा वेळा. मुलीने कॅल्क्युलेटरवर हिशेब केला आणि मोठ्याने वाचला: जे निघालं त्याचा एक हजार कोटीवा भाग पोचतो.

खोलीत शांतता पसरली. बाबा कॅलेंडरकडे पाहत राहिले. राजीव गांधी पंतप्रधान असताना म्हणाले होते की दिल्लीतून रुपया निघतो आणि गरिबापर्यंत पंधरा पैसे पोचतात. त्यावर देशात चाळीस वर्षं चर्चा चालू आहे. इथे हॉलमधून हजार कोटी रुपये निघत होते आणि मागच्या खोलीत एक रुपया पोचत होता. मधे फक्त आमचंच कुटुंब राहत होतं.

आश्चर्य खरं तर वेगळ्याच गोष्टीचं वाटायला हवं. त्या एका रुपयात माझा लॅपटॉप अडखळत का होईना, पुण्यातल्या माणसाचा चेहरा उभा करत होता. तो रुपया दहा झाला, म्हणजे आकडा उणे ७० वर आला, तर तो आनंदाने संसार करतो. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

आता एवढी गळती होते कुठे? बाबांनी पहिला संशय शेजाऱ्यांवर घेतला. हाही तसा वाजवीच. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ पासून परवान्याशिवाय सगळ्यांना खुला आहे. त्यात चॅनल तेरा, पण एकमेकांच्या पायावर पाय न देणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. बाकीचे अर्धे शेजाऱ्याच्या हद्दीत. त्यातच ब्लूटूथ, त्यातच बिनवायरचे माऊस, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. ॲपवर आमच्या लेनमधल्या सगळ्यांचे राउटर नावानिशी दिसले. एकाचं नाव "जय विदर्भ", एकाचं "पासवर्ड मागू नये", एकाचं नुसतं "काकू". "जय विदर्भ" आमच्याच चॅनलवर बसलेलं निघाल्यावर बाबांची भूमिका जरा नरमली. आम्ही चॅनल बदलला. थोडा फरक पडला.

पाच गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा आहे. तो रुंद, मोकळा आणि वेगवान. पण लाट जेवढी आखूड तेवढी ती भिंतीला लवकर हार मानते, आणि आमच्या भिंती म्हणजे नऊ इंची विटांच्या, त्यावर दर दिवाळीला चढवलेला रंग. हॉल आणि मागच्या खोलीच्या मधे अशा भिंती तीन आणि वर एक लोखंडी कपाट, ज्यात आजीच्या वेळची भांडी आहेत. हिवाळी अधिवेशन जसं नागपुरात येतं, थंडीपुरतं, गाड्यांचा ताफा घेऊन, आल्या दिवसापासून परतीच्या तिकिटांची चौकशी करत, तसा पाच गिगाहर्ट्झ मागच्या खोलीत यायचा. डिसेंबरात एखाद्या सकाळी दिसायचा, मी हात जोडेपर्यंत गेलेला असायचा.

जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कोलकात्यात भर सभेत बिनतारी लाटा भिंती भेदून पाठवल्या, पलीकडे घंटा वाजवली आणि बारूद उडवून दाखवली. मधे खुद्द नायब गव्हर्नर बसले होते, लाटा त्यांच्याही शरीरातून गेल्या असं सांगतात. गव्हर्नर आमच्या लोखंडी कपाटापेक्षा सज्जन असावेत.

दुसरा संशय लॅपटॉपवर. मोबाइल त्याच खुर्चीवर बरा चालतो आणि लॅपटॉप मान टाकतो, हे मुलीने दाखवून दिलं. लॅपटॉपमधला वायफायचा तुकडा बॅटरी वाचवण्यासाठी मधूनमधून डुलकी घेतो. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी द्या" अशी एक खूण असते आणि ती आधीपासून केलेली असते. भाच्याने ती काढायला लावली. शिवाय लॅपटॉपचे अँटेना बहुतेक वेळा पडद्याच्या चौकटीत असतात, त्यामुळे पडदा किती कलला, पाठ कुठल्या भिंतीकडे आहे, यानेही फरक पडतो. मी काही दिवस लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन खोलीभर फिरलो, ओवाळणीचं ताट घेऊन चौरंग शोधत असल्यासारखा. खिडकीजवळ सिग्नल वाढायचा. का, ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मोकळी हवा लागत असेल.

याच सुमाराला मुलीने वेल्समधल्या अबरहोसन गावची गोष्ट जेवताना सांगितली. त्या गावातलं इंटरनेट तब्बल दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता मरायचं. कंपनीने वायरी बदलल्या, तरी मरायचं. शेवटी २०२० मध्ये इंजिनिअर मंडळी लहरी मोजणारं यंत्र घेऊन पहाटे पावसात गावभर फिरली आणि एका घरासमोर यंत्र किंचाळलं. घरमालक रोज सातला जुना टीव्ही लावायचे. त्या टीव्हीतून विजेचा असा गोंगाट सुटायचा की अख्ख्या गावाच्या वायरी बधिर व्हायच्या. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. ऐकून फार लाजले आणि तो टीव्ही पुन्हा कधी लावला नाही.

ही गोष्ट बाबांना सांगायला नको होती. दुसऱ्या दिवशी ते सकाळी सातला गेटवर वही घेऊन उभे. पण आमच्या लेनमध्ये सातला काय होतं? नळ येतो. नळ आला की एकजात सगळ्यांचे टुल्लू पंप सुरू होतात, मिक्सर सुरू होतात, इस्त्र्या सुरू होतात, आणि व्होल्टेज असं खाली बसतं की ट्यूबलाइट विचार करायला लागते. संशयित अख्खी लेन होती. चौथ्या घरच्या भाऊंनी विचारलं, "का लिहून राहिले जी? मतदार यादी आहे का?" बाबांनी "हो" म्हणून वेळ मारून नेली, त्यामुळे त्यांना दोन जणांची नावं वगळल्याच्या तक्रारी लिहून घ्याव्या लागल्या. मात्र याच वहीत एक खरी गोष्ट सापडली. व्होल्टेज बसलं की राउटर स्वतःहून बंद पडून पुन्हा सुरू होत होता, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागत होती. त्याला एक छोटा बॅटरी बॅकअप लावला. सकाळचं संकट मिटलं, दुपारचं राहिलं.

दुपारचं संकट हेच खरं, आणि त्याचं रहस्य एका मे महिन्यातल्या भर दुपारी उलगडलं. मागच्या खोलीच्या खिडकीत, बोळाच्या बाजूने, आमचा कूलर आहे. नागपूरबाहेरच्या माणसाला कूलर म्हटलं की प्लास्टिकचं चाकांवर फिरणारं खेळणं डोळ्यांसमोर येतं. आमचा कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, लोखंडी घोडीवर उभी केलेली, अख्खी खिडकी व्यापणारी, तळाशी बादल्यांनी पाणी मावणारी. तिन्ही बाजूंना वुडवूलच्या ओल्या जाळ्या, आत पंप, आत पंखा. होळीच्या सुमारास तो बसतो आणि मृग लागून हवेत दमटपणा आला की त्याचं राज्य संपतं. तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांपेक्षा त्याचा मान मोठा. त्या दिवशी त्याचं वुडवूल बदलायला माणूस आला होता. त्याने जाळ्या काढल्या, पेटी घोडीवरून ओढून बोळात उतरवली. खोलीचा तंदूर झाला. आणि माझी मीटिंग, जी एरवी दुपारी अडीचला हमखास गचके खायची, ती लोण्यासारखी सरकू लागली. पुण्यातला साहेब म्हणाला, "नवीन कनेक्शन घेतलं का?" मी घामाने निथळत होतो आणि पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होतो.

मुलगी फोन घेऊन धावली. उणे ६६. कूलरवाल्याने पेटी परत बसवली: उणे ८०. बाबांनी त्याला पुन्हा उतरवायला लावली: उणे ६६. "काका, ठेवू का काढू, ते एकदा फायनल सांगा," तो म्हणाला.

उलगडा असा होता की सिग्नल मागच्या खोलीत तीन भिंती भेदून कधी येतच नव्हता. तो हॉलच्या खिडकीतून बोळात उतरायचा, शेजाऱ्यांच्या भिंतीवर आपटत आपटत मागे यायचा आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरायचा. लाटा अशा आपटत येतात तेव्हा एकच निरोप वेगवेगळ्या वाटांनी थोडा मागेपुढे पोचतो आणि एकमेकांत मिसळून गढूळ होतो. हा गढूळपणा निवळायची एक युक्ती ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेने शोधली, १९९६ मध्ये तिचं अमेरिकी पेटंट मिळालं, आणि पुढे त्यावरून कंपन्यांशी मोठे खटले झाले. तिथले जॉन ओ'सलिव्हन मूळचे खगोलशास्त्राचे. आधी ते फुटणाऱ्या लहान कृष्णविवरांच्या क्षीण लहरी शोधत होते. कृष्णविवर काही सापडलं नाही, पण ते गणित वायफायच्या कामी आलं. असं सगळं जग आमच्या बोळात राबत होतं, आणि आम्ही खिडकीत पत्रा आणि पाणी उभं केलं होतं. पत्रा लाट परतवतो, पाणी तिला पिऊन टाकतं. आमच्या कूलरमध्ये दोन्ही होतं.

कारण कळल्यावर उपाय करायचा असतो, असा एक गैरसमज बाहेरच्या लोकांत आहे. कूलर काढायचा? नागपुरात? मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंश दाखवले. हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण लेनमध्ये त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. सगळ्यांचं म्हणणं, सेन्सर खरं बोलला म्हणून त्याला बिघडलेला ठरवलं. राउटरच्या डब्यातली पुस्तिका मी त्या निमित्ताने पहिल्यांदा वाचली. चालण्यायोग्य तापमान शून्य ते चाळीस अंश. म्हणजे कंपनीच्या मते एप्रिल-मेच्या नागपुरात राउटरने रजेवर असावं. बाबांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी टेबलफॅनचं तोंड राउटरकडे वळलेलं दिसलं. स्वतः ते वर्तमानपत्राने वारा घेत होते.

इंटरनेट की कूलर, असा प्रश्न घरात मतदानाला टाकला असता तर माझं एक मत पडलं असतं आणि बारा ते चारच्या वेळेत मीही ते मागे घेतलं असतं.

मग तडजोडी सुरू झाल्या. जमिनीवरून लॅनची केबल मागच्या खोलीपर्यंत न्यावी, हा खरा शहाणा उपाय. बायकोने नुकत्याच केलेल्या रंगाकडे बोट दाखवून तो फेटाळला. कुणीतरी रिपीटर सुचवला. मधल्या खोलीत लावायचा, तो हॉलमधून सिग्नल घेतो आणि पुढे पाठवतो. लावला. स्वस्तातला रिपीटर एकाच तोंडाने ऐकतो आणि त्याच तोंडाने बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो, हे नंतर समजलं. मागच्या खोलीत रेषा भरपूर दिसायच्या, हाती काही लागायचं नाही. विदर्भाचा अनुशेष भरायला नेमलेल्या मंडळावरून बाबांनी त्याचं नाव वैधानिक विकास मंडळ ठेवलं. "९४ साली असंच लावलं होतं," ते म्हणाले. "मधेच बसते, लाइट लुकलुकवते, द्यायला काही नाही. २०२० ला मुदत संपली तर कोणाला समजलंही नाही." आम्ही रिपीटरची मुदत त्याच आठवड्यात संपवली.

शेवटी राजधानीच हलवायची ठरली. वायरवाला पोरगा पुन्हा आला, वायर वाढवली, आणि राउटर मधल्या खोलीत, लोखंडी कपाटापासून लांब, उंचावर, देवघराच्या फळीशेजारी बसला. मागच्या खोलीचा आकडा उणे ६२. कूलर चालू असताना! मी पुण्याला इतका स्पष्ट दिसायला लागलो की एका बाईंनी माझ्या मागच्या भिंतीवरची ओल दाखवून दिली. स्वयंपाकघरात बायकोचे रेसिपीचे व्हिडिओ न अडखळता चालू लागले. सांबारवडीचं सारण करताना माणूस थांबतो तसं आता व्हिडिओ थांबत नव्हता, तिलाच त्याला थांबवावं लागत होतं.

चौथ्या दिवशी रात्री जामठ्याच्या स्टेडियमवर सामना होता. बाबा हॉलमध्ये टीव्हीसमोर सरसावून बसले. गोलंदाज धावत आला, हात वर गेला आणि तिथेच थांबला. मधे ते गोल फिरणारं चक्र. बाहेरून, चौकातून, लोकांचा ओरडा ऐकू आला. चक्र थांबलं तोवर फलंदाज हेल्मेट काखेत घेऊन परतत होता.

"हॉलवर अन्याय होऊन राहिला," बाबा म्हणाले.

मी कॅलेंडर दाखवलं. हॉल आता उणे ६० वर होता, इतरांच्या बरोबरीने. पण उणे ३८ ची सवय लागलेल्याला उणे ६० म्हणजे उपासमार वाटते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं, आणि मुंबई-पुण्याचे लोक इतकी वर्षं काय म्हणत असतील तेही. बाबा उठले, आतून फुलस्केप कागद आणि पेन घेऊन आले. लेखी करार हवा. हिवाळ्यात कूलर उतरला की राउटर हॉलमध्ये.

"ठरावीक काळासाठी," मी म्हणालो.

"ते शब्द नको." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "नागपूर करारात ठरावीक काळच लिहिला होता. किती आठवडे ते नाही लिहिलं, अन् आपण फसलो. तारखा टाक. कोजागिरी ते होळी."

मुलगी लिहायला बसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "बाबा, इतकी ओढाताण कशाला? मागच्या खोलीचं कनेक्शनच वेगळं घेऊन टाकू. ते त्यांचं पाहतील, तुम्ही तुमचं पाहा."

वेगळं हा शब्द ऐकला की एरवी बाबांचा हात आपोआप वर जातो. या वेळी तो पेनावरच राहिला.

"वेगळं होणं सोपं असते का?" ते म्हणाले. "महिन्याचं बिल कोण भरणार? उत्पन्नाचं साधन काय आहे मागच्या खोलीजवळ?"